पाहुण्याचा धर्म

अतिथीचे स्वागत कसे करावे हे आपल्याकडे कुणाला शिकवावे लागत नाही. आमच्या रत्नागिरीकडे उन्हातून कोणी आला की आधी गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या पुढे येतो. ‘कुठून आलात, काय काम काढलंत’ हे मागाहून. तैत्तिरीय उपनिषदात विद्या पुरी झालेल्या शिष्याला आचार्य निरोप देतात, तेव्हा आई, वडील आणि आचार्य यांच्याच ओळीत ते अतिथीला बसवतात. कठोपनिषदातली गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. यमधर्म घरी नव्हते, नचिकेत तीन रात्री दारात उपाशी राहिला, आणि त्याबद्दल यमाने त्याला तीन वर दिले. म्हणजे मृत्यूच्या दारातसुद्धा पाहुणा उपाशी राहिला तर भरपाई करावी लागते! हे सगळे झाले यजमानासाठी. पण वाचकहो, जो पाहुणा होऊन येतो त्याला कोणी काही सांगितले आहे की नाही? की त्याने नुसते यायचे, जेवायचे आणि ढेकर द्यायचा?

सांगितले आहे, बरं का. मनुस्मृतीतले सगळेच आज कोणी डोक्यावर घेणार नाही, आणि घेऊही नये. पण तिच्या तिसऱ्या अध्यायात एक गोष्ट आहे. जेवण मिळावे म्हणून जो ब्राह्मण आपले कुळ आणि गोत्र सांगतो, त्याला शहाणे लोक ओकलेले खाणारा म्हणतात. केवढा कडक शब्द! ‘मी अमक्याचा तमका, मला आधी वाढा’ असे म्हटले की अन्न विटाळले. दुसरी मर्यादा अशी की अतिथी एका रात्रीचा. मुक्काम लांबला की तो अतिथी उरत नाही.

आणि वाईट पाहुणा कसा असतो हेही व्यासांनी दाखवून ठेवले आहे. पांडव वनवासात. सूर्याने दिलेली थाळी द्रौपदी जेवेपर्यंतच अन्न देते. ती जेवून उठली आणि नेमके तेव्हा दुर्वास शिष्यांचा ताफा घेऊन हजर. ‘स्नान करून येतो, पान मांडून ठेवा.’ पुढे भगवंत आले, थाळीला चिकटलेले भाजीचे पान त्यांनी खाल्ले आणि तिकडे नदीवर सगळ्या शिष्यांची पोटे टम्म भरली. मग दुर्वास काय करतात? तोंड चुकवून निघून जातात. कीर्तनात हे आख्यान लावले की लोक द्रौपदीसाठी हळहळतात. मी म्हणतो, दुर्वासांकडेही बघा. आमच्या प्रत्येक पंगतीत एकदोन दुर्वास असतातच.

पोथीत हा पाहुण्याचा धर्म एवढाच. तो विस्ताराने शिकायचा तर वाटेला लागावे लागते, कारण घरी आपण सारे यजमान असतो. सलग अठरावीस दिवस आपण पाहुणे आणि पुढचे प्रत्येक गाव यजमान, अशी शाळा एकच. पंढरीची पायी वारी.

आम्हा कोकणातल्या माणसांचे आषाढीशी थोडे वाकडेच आहे. ज्येष्ठ-आषाढात आमच्याकडे लावणी चालू असते. गुडघाभर चिखलात उभा असलेला शेतकरी रोपे टाकून पंढरपूरला कसा जाणार? म्हणून पूर्वापार आमची पुष्कळ माणसे कार्तिकीला जातात. पावसाळा सरलेला, भात घरात आलेले. रत्नागिरीहून पायी जायचे तर हातखंबा, पाली, नाणीज, साखरपा करत आंबा घाट चढायचा, मलकापूरवरून कोल्हापूर, मग सांगली, मिरज, कवठे महांकाळ, सांगोला आणि पंढरपूर. सुमारे ३०० किलोमीटर पडतात. घाट चढून गेले की भाताची भाकरी होते आणि कुळथाच्या पिठल्याचे बेसन होते. माणूस तिथेच पाहुणा होतो. आपली चव मागे राहते, आणि जे ताटात येईल ते आपले म्हणावे लागते.

पण वारीची घडी कशी बसवलेली आहे हे पाहायचे तर आळंदीहूनच चालले पाहिजे. ज्येष्ठ वद्य अष्टमीला ज्ञानोबारायांची पालखी निघते, सप्तमीला देहूहून तुकोबारायांची. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये पालखी सुरू केली. पुढे एकोणिसाव्या शतकात, शिंद्यांच्या पदरी सरदार असलेल्या हैबतबाबा आरफळकरांनी माउलींच्या सोहळ्याला आजची शिस्त लावली. लष्करातला माणूस! म्हणून तर रथापुढे २७ दिंड्या, मागे त्याच्या कितीतरी पट, प्रत्येकीचा क्रम ठरलेला, प्रत्येकीत वीणेकरी, पखवाजी, टाळकरी, तुळस घेतलेल्या बाया. आळंदी ते पंढरपूर साधारण २५० किलोमीटर या क्रमात फरक नाही.

जेवणाचे कसे? दिंडीची भिशी असते. माणशी ठरलेली रक्कम भरायची, दिंडीचा ट्रक पुढे जातो, आचारी पुढच्या मुक्कामी चूल पेटवतो. पण भिशी न भरता मोकळे चालणारेही पुष्कळ. त्यांचे पोट गावे चालवतात. तुकोबांच्या वाटेवर यवतला पिठलं-भाकरीची पंगत पिढ्यान् पिढ्या प्रसिद्ध आहे. दिवे घाट बहुधा एकादशीला येतो, तेव्हा केळी, शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू घेऊन लोक कडेला उभे असतात. पुण्यात कोणी फुकट दाढी करून देतो, कोणी तुटलेल्या चपलेचा अंगठा शिवून देतो. आणि पुष्कळ गावांत अमक्या दिंडीचा उतारा अमक्याच घरी, हे आजोबांपासून ठरलेले. घरातली खाट बाहेर जाते, गुरे शेजाऱ्याच्या गोठ्यात जातात, बाया पहाटेच्या आधी तव्यावर बसतात. कोण येणार हे माहीत नाही. किती येणार हेही नक्की माहीत नाही. येणार एवढे माहीत.

आता यातली खुबी बघा. एवढे दिले-घेतले जाते, पण कोणाच्या डोक्यावर उपकार चढत नाही. का? कारण घेणाऱ्याला नाव नाही. दिंडीत सगळे ‘माउली’. वाढणारा माउली, जेवणारा माउली, वाट अडवली म्हणून ढकलणाराही माउली. नमस्कार केला तर समोरचा वाकून उलट तुमच्या पायाला हात लावतो. म्हातारा तरुणाच्या पाया पडतो, यजमान पाहुण्याच्या, पाहुणा यजमानाच्या. कुळगोत्र सांगून जेवू नये हे जे स्मृतीत आहे, ते वारीत सांगावेच लागत नाही. कारण कुळगोत्र विचारणाराच कोणी नाही. निदान तसे असावे, असे या वाटेचे म्हणणे आहे.

भांडणाचीही सोय आहे. रोज मुक्कामाच्या तळावर समाजआरती होते. सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, चोपदार दंड उंचावतो, आणि हजारो टाळ एका क्षणात बंद! त्या शांततेत एखादी दिंडी मात्र टाळ वाजवतच राहते. याचा अर्थ तिची तक्रार आहे. चोपदार तिथे जातो, ऐकतो, निवाडा होतो, मग टाळ थांबतात. हरवले-सापडलेले पुकारले जाते. तक्रार मांडावी, पण टाळावर मांडावी. ही युक्ती घरातल्या भांडणालाही लावून बघा.

या वाटेवर मैत्री होते ती वेगळ्याच जातीची. माझ्या डाव्या हाताला पाच वाऱ्या एक गृहस्थ चालले. सांगोल्याकडचे, मेंढरं राखणारे. आडनाव मी विचारले नाही, त्यांनीही नाही. मी ‘रत्नागिरीकर’, ते ‘सांगोलेकर’. माझ्या पिशवीत घरच्या खोबरेलाची बाटली, त्यांच्या खांद्यावर घोंगडी. रात्री पायाला तेल माझे आणि पाऊस आला की डोक्यावर घोंगडी त्यांची, असा व्यवहार न ठरवता ठरला. त्यांनी एकदा विचारले, ‘‘बुवा, तुमच्याकडं पाऊस पडतो म्हंजी किती?’’ म्हटलं, ‘‘चार महिने.’’ ते हसत सुटले. ‘‘आमच्याकडं पालखीसंगं आला तर आला!’’ वर्षाचे उरलेले अकरा महिने आमचा एकमेकांशी काहीही संबंध नसे. पत्र नाही, फोन नाही. आळंदीला भेटलो की कालच्या बोलण्याचे टोक धरून पुढे सुरू.

तिसऱ्या वारीत भंडीशेगावच्या मुक्कामी त्यांच्या घरची मंडळी भेटायला आली. फडक्यात ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. त्या माउलींनी माझे धोतर, उपरणे, कपाळाचे गंध पाहिले, दोन पावले मागे सरल्या आणि म्हणाल्या, ‘‘बुवा, आमच्या हातचं चालंल न्हवं?’’

मी भाकरी हातावर घेतली, चटणी घेतली, जेवलो. विषय संपला. पण वाचकहो, तो प्रश्न संपला नाही. वाढणाऱ्याने, स्वतःच्या कष्टाचे अन्न दुसऱ्याला देताना, खाली मान घालून ‘चालेल ना?’ असे विचारावे, हे एका दिवसात होत नाही. त्याला काही शतके लागतात. माझ्या गुरुजींच्या पिढीतली मंडळी प्रवासात सोवळ्यात वेगळी चूल मांडत, ते मी लहानपणी पाहिलेले आहे. ती माणसे वाईट नव्हती; नियमाने चालत होती. पण त्या नियमाचा चटका कुठे बसत होता, ते त्या बाईंच्या दोन पावले मागे सरण्यात मला दिसले. पाहुण्याचा पहिला धर्म माझ्या मते हाच, की यजमानावर हा प्रश्न विचारण्याची पाळी येऊ द्यायची नाही.

हे मी एकटाच म्हणतो असे नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या मुरूडचे महर्षी धोंडो केशव कर्वे, त्यांच्या सूनबाई इरावतीबाई वारीत चालल्या होत्या. त्यांचा ‘वाटचाल’ नावाचा लेख मिळवून वाचा. एकाच दिंडीत, एकच अभंग म्हणणारी, एकाच वाटेची धूळ खाणारी माणसे जेवायला मात्र जातवार वेगळी बसतात, हे त्यांना खुपले आणि त्यांनी ते स्पष्ट लिहिले. कौतुकही केले आणि दुखणेही सांगितले. खरे प्रेम असले की दोन्ही जमते.

आणि पालगडचे साने गुरुजी! दापोली तालुक्यातले पालगड, म्हणजे तेही आपल्याच जिल्ह्यातले. विठ्ठलाचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून गुरुजींनी आधी महाराष्ट्रभर दौरा केला आणि १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात प्राणांतिक उपोषण आरंभले. पंढरपूर हे साऱ्या महाराष्ट्राचे यजमान. ज्या गावाने लाखोंना ओसरी दिली, तिथे गुरुजींच्या उपोषणाला जागा मिळेना. तेव्हा तनपुरे महाराजांनी आपला मठ दिला. त्या मठात गुरुजी उपाशी पडून राहिले, आणि अखेर देवाचे दार सगळ्यांना उघडले. आता यात पाहुणा कोण आणि यजमान कोण, सांगा बरं? मला तर वाटते, ज्याला दारातून परत पाठवले जाते त्याच्या बाजूला जाऊन बसणे, हाही पाहुण्याचाच धर्म. आत पान वाढलेले असताना बाहेर बसून राहणे.

सांगोल्याहून एक फाटा मंगळवेढ्याला जातो. तिथे गावकूस कोसळून चोखोबा गेले. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी पंढरीला आणल्या आणि महाद्वारापाशी समाधी झाली. आजही आपण देवळात शिरतो ते आधी त्यांना ओलांडून नव्हे, वंदन करून. कोकणातून चालत जाणाऱ्याने वाट थोडी वाकडी करून मंगळवेढे करावे, असे माझे सांगणे असते.

वारी ही समूहाची. एकट्याने पाहुणा होणे कसे असते हे नर्मदामाई शिकवते. अमरकंटकला उगम, भरूचपाशी समुद्र, १३१२ किलोमीटरची नदी. ती सतत उजव्या हाताला ठेवून, कुठेही न ओलांडता दोन्ही काठ चालायचे. चातुर्मासात एका जागी थांबायचे. जुन्या रीतीने तीन वर्षे, तीन महिने, तेरा दिवस. आपल्या माणगावचे वासुदेवानंद सरस्वती, टेंबे स्वामी, पायी भारतभर फिरले आणि शेवटी नर्मदाकाठी गरुडेश्वरला राहिले. १९१४ मध्ये तिथेच त्यांनी देह ठेवला. म्हणून कोकणातल्या दत्तभक्तांची त्या काठाशी ओढ आहे.

तिथे परिक्रमावासीला सदावर्त मिळते. सदावर्त म्हणजे शिजवलेले नव्हे, कोरडे अन्न. पीठ, डाळ, मीठ, मिरची. आपल्या हाताने शिजवून घ्यायचे. महेश्वरहून राज्य करणाऱ्या अहिल्याबाई होळकरांनी ठिकठिकाणी अशी सदावर्ते घालून दिली. नियम असा की लागेल तेवढेच घ्यायचे, उद्याचे बांधून घ्यायचे नाही. साधा वाटतो, पण करून बघा! पुढच्या गावी मिळेल का, ही धाकधूक मनात असताना समोरची दुसरी ओंजळ नाकारायची. ज्याचे घर एका खोलीचे आणि छप्पर गळके, तोही ‘नर्मदे हर’ म्हणून हाक मारतो आणि चहाला थांबवतो. त्याला नको म्हणायचे नाही, आणि त्याच्याकडे दोन वेळचे मागायचेही नाही. संन्याशाच्या भिक्षेला मधुकरी म्हणतात ते यासाठीच. मधमाशी फुलाफुलाला थोडे घेते. फूल मोडत नाही.

हे सगळे ऐकायला गोड आहे. आता थोडे कडू सांगतो. पालखी पुढे गेल्यावर मागचे गाव कधी पाहिले आहे का? आपण पाहत नाही, कारण आपण पुढे गेलेले असतो. रस्त्याच्या कडेला चहाचे कप, पाण्याच्या बाटल्या, पत्रावळ्या, अर्धवट टाकलेले भात. शेताच्या बांधाला जी घाण होते ती तर बोलायचीच सोय नव्हती. अलीकडे फिरती शौचालये तळांवर ठेवायला लागले, ते फार बरे झाले, विशेषतः बायांसाठी. अन्नदानाच्या मांडवावर देणाऱ्याचा फोटो अन्नापेक्षा मोठा, आणि खाली तीन ठिकाणी जेवून चौथ्या ठिकाणी रांगेत उभा राहिलेला वारकरी. दोघांचेही चुकते. पण मी घेणाऱ्याला अधिक धरतो. ज्याच्या गळ्यात माळ आहे त्याला विचारायचे नाही, तर कोणाला?

आमच्या कीर्तनकारांच्या कुळात या धर्माचा आदर्श झाला तो गाडगेबाबांचा. इतर कीर्तनकार गावात गेले की आधी चहा, मग हारतुरे. बाबा गावात शिरले की आधी खराटा. गल्ल्या झाडायच्या, गटारे काढायची, घाम गाळायचा, आणि रात्री कीर्तन. अन्न घ्यायचे ते गाडग्यात, चटणी-भाकरी. पायाला हात लावू द्यायचे नाहीत. पंढरपूर, देहू, आळंदी, नाशिक इथे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या. स्वतः त्यात राहिले नाहीत. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. खराट्याचा हिशेब साधा आहे. ज्या अंगणात जेवायचे, ते आधी झाडायचे.

२०२० साली महामारीमुळे पायी वारी झाली नाही. पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. तळ रिकामे, रस्ते रिकामे. आपल्याला वाटले, वारकऱ्यांची वारी चुकली. पण वाटेवरच्या घरांचे काय? ज्या चुलीवर दर वर्षी त्या एका रात्री शंभर माणसांच्या भाकरी होत, ती चूल तशीच. यजमानाला पाहुणा लागतो, बरं का. पाहुणा नसेल तर यजमानाचे पुण्य तांदळाच्या कणगीत पडून राहते.

यात्रा संपते कुठे? तुम्ही म्हणाल देवाच्या दारात. नाही. आपल्या रीतीप्रमाणे यात्रा संपते घरी, मावंद्याला. नामदेवराय आणि ज्ञानोबाराय मिळून तीर्थाटनाला निघाले, वाळवंटातल्या खोल विहिरीची ती कथा तुम्ही ऐकलेली आहे. एक योगी, एक भक्त. स्वभाव दोन, वाट एक. परंपरा सांगते की ते परतल्यावर पंढरीत मावंदे झाले आणि वाढायला खुद्द पांडुरंग होते. इतके महिने ज्याने लोकांच्या ओसरीवर खाल्ले, त्याने घरी परतून पान मांडायचे. हल्ली बसने चार दिवसांत काशी होते, आणि मावंद्याचे पाकीट हॉटेलात दिले जाते. असो.

गेली दोन वर्षे सांगोलेकर येत नाहीत. गुडघे गेले. त्यांचे टाळ घेऊन नातू चालतो, माझ्याच डाव्या हाताला. कार्तिकात तो कोल्हापूरपर्यंत कामाला आला होता, तिथून एसटीने रत्नागिरीला आमच्या घरी आला. समुद्र पाहिलेला नव्हता. त्याला मांडवीला नेले. तासभर तो नुसता बघत राहिला. रात्री आमच्या पानावर बसला. भात, कुळथाचे पिठले, सोलकढी. पिठले दोनदा घेतले, सोलकढी बेताने. कोणी कोणाला काही विचारले नाही. सकाळी आम्ही उठण्याआधी त्याने पडवी झाडलेली होती, घरात नको नको म्हणत असताना विहिरीवरून दोन कळश्या भरल्या. निघताना आमच्या घरच्यांनी खोबरेलाची बाटली त्याच्या पिशवीत घातली, आजोबांच्या गुडघ्यांसाठी. कोल्हापूरची गाडी साडेनऊची होती.